चौदा नंबरचा मारोती

६ नोव्हेंबर १९९५, सोमवार

आज पहिल्यांदा वॉर्डात. शनिवारी नर्सिंगची कॅप मिळाली. आठ पिना लावूनही दुपारपर्यंत ती दोनदा घसरली.

आमची पोस्टिंग पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात आहे. इनचार्ज अच्चम्मा सिस्टर केरळच्या, वीस वर्षं इकडे आहेत, पण मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात. त्यांनी प्रत्येकीला केस स्टडीसाठी एक पेशंट दिला. सोनमला हर्नियाचे आजोबा मिळाले, दिवसभर तिला गावाकडच्या गोष्टी सांगत होते. मला बेड नंबर चौदा.

चौदा नंबरला नाव नाही. पेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस’ एवढंच. ठाणे-बेलापूर रोडच्या कडेला सापडला. डोक्याला मार आहे, आठ दिवस शुद्ध नाही. अर्धा चेहरा बँडेजमध्ये, नाकात नळी.

“काम करताना बोलत जायचं,” अच्चम्मा सिस्टर म्हणाल्या. “सुनता नहीं, ऐसा समझना मत.”

मी म्हटलं, “मी सुनयना. आता तुमचं तोंड पुसते.” रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं वाटलं.

९ नोव्हेंबर

केस बुकात माणसाचं चित्र छापलेलं असतं, पुढून आणि मागून. पेशंटच्या अंगावरच्या खुणा त्यावर दाखवायच्या. वॉर्डबॉय देवजीमामा इथल्याच नेरूळ गावचे. त्यांनी चौदा नंबरला कुशीवर धरलं आणि मी स्पंज करत करत खुणा लिहिल्या. उजव्या खांद्यामागे तीळ. हनुवटीखाली जुन्या टाक्यांची रेघ. दोन्ही पाय स्वच्छ, एकही खूण नाही. सिस्टरांनी पानावर ‘गुड’ लिहिलं. हॉस्टेलवर सगळ्यांना दाखवलं.

१४ नोव्हेंबर

चौदा नंबरला माणूस मिळालं!

अकराच्या सुमाराला एक बाई आली. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, हातात पिशवी. तुर्भ्याच्या डोंगरातल्या दगडखाणीवर काम करते, मूळची परतूरकडची, नाव बायजाबाई. नवरा मारोती चार वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. तेव्हापासून ती हॉस्पिटलं फिरते.

मी तिला चौदा नंबरपाशी नेलं. ती पायथ्याशी उभी राहिली. त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होती.

“जिता हाय?”

“हो.”

“जगंल?”

“डॉक्टर म्हणतात, जगेल. वेळ लागेल.”

“मग ह्योच,” ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

अर्धं तोंड बँडेजमध्ये होतं, तरी तिनं ओळखलं. चार वर्षांनी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोनम म्हणाली, नवरा-बायकोचं असंच असतं.

हवालदार येऊन तिचा जबाब घेऊन गेले. चार वर्षांपूर्वी तिनं नवरा हरवल्याची तक्रार दिली होती. तो कागद शोधून काढायचा, त्यातलं वर्णन जुळलं की मगच ताबा द्यायचा, असं म्हणाले. “जुने कागद गोडाऊनमध्ये. महिना-दोन महिने धरून चाला.”

२१ नोव्हेंबर

बायजाबाई रोज येते. तळपायांना तेल चोळते. वाटीत तेल घेऊन पँट्रीतल्या गॅसवर कोमट करते, सिस्टर रागावत नाहीत. नातेवाईक असे हवेत, म्हणतात.

ती मला नवऱ्याच्या गोष्टी सांगते, मी तिला पेशंटबद्दल सांगते. आज खांद्यामागचा तीळ दाखवला. ती हसली. “व्हय की माय, तीळ हायेच त्येला.” थोड्या वेळानं सोनमला ती तीच खूण सांगत होती, आईनं सांगावी तशी.

देवजीमामा मात्र वाकड्यात आहेत. चहा पिताना म्हणाले, “ती बाय दोन वर्सांपूर्वी पन आली व्हती. मेलेल्यांच्या खोलीत मीच नेली व्हती. तीन जनांची तोंडा दाखवली. यो नाय, यो नाय, यो बी नाय. एकाच्या खिशान तर मारोती नावाची चिठ्ठी व्हती. तरी म्हनली, नाय.”

“मग तो दुसरा मारोती असेल, मामा.”

“आसंल,” ते म्हणाले आणि कप विसळायला गेले.

२६ नोव्हेंबर, रविवार

कोपरखैरण्याला घरी. आबांना चौदा नंबरची गोष्ट सांगितली. आबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत, त्यांना माणसापेक्षा माणसाचे हात आधी दिसतात. म्हणाले, “खाणीतला गडी म्हंतीस, मग हाताला घण धरल्याचं घट्टं असतील. बघितलंस का?”

मला आठवेना.

२७ नोव्हेंबर

बघितले. तळहाताला घट्टे नाहीत. पण बोटांच्या टोकांना बारीक बारीक भोकं आहेत, सुईनं टोचल्यासारखी. अंथरुणात पडून घट्टे मऊ होत असतील.

११ डिसेंबर

बँडेज निघालं. बायजाबाईनं देवजीमामांकडून वस्तरा मागून त्याची दाढी केली, मिशी तेवढी ठेवली. पिशवीतून एक फोटो काढला, मारोतीचा लग्नात काढलेला, टोपी आणि बारीक मिशी. फोटो उशीला टेकवून ठेवला आणि त्याच्याकडे बघत बघत मिशी कापत होती. भांगही तसाच पाडला.

“आता दिसतोय की न्हाई सारखा?”

खरंच दिसत होता. सकाळी दिसत नव्हता, दुपारी दिसायला लागला. मी खालच्या आवाजात “मारोती” अशी हाक मारली आणि त्याची पापणी हलली.

१६ डिसेंबर

अच्चम्मा सिस्टर आज गावी गेल्या, वीस जानेवारीला येतील. बदलीच्या सिस्टर दोन वॉर्ड एकट्या सांभाळतात. चौदा नंबरपर्यंत फारशा येत नाहीत.

१८ डिसेंबर

हे फक्त इथेच लिहिते आहे.

सकाळी त्याचे पाय गार लागले म्हणून मी गरम पाण्याची रबरी पिशवी दिली. बेशुद्ध पेशंटला सिस्टरांना विचारल्याशिवाय पिशवी द्यायची नाही, हे पहिल्याच महिन्यात शिकवलंय. तरी दिली. टॉवेलात गुंडाळून तळपायांशी ठेवली, दहा मिनिटांत काढली. पाय बघितले, ठीक होते.

मग जेवायला गेले. बायजाबाई त्याच्यापाशी होती. परत आले तर डाव्या पोटरीवर फोड. वाटीच्या बुडाएवढा गोल, कडा लालभडक.

पिशवी तळपायाशी होती, फोड पोटरीवर कसा? टॉवेल सरकला असेल. पिशवीचं झाकण लागलं असेल, झाकण गोलच असतं.

बायजाबाईनं माझा हात धरला. “रडू नगंस माय. माझा मानूस हाय, मी कुनाला सांगत न्हाई. तू बी सांगू नगंस. तुजी टोपी काढून घेतील.”

तिनं चादर पोटरीवर ओढली. हात किती थंड होता तिचा. आणि किती शांत.

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त कानाजवळ ओलं होतं. पुसलं.

२० डिसेंबर

त्यानं डोळे उघडले! बायजाबाईनं वॉर्डभर गूळ वाटला. मी मलम लावायला चादर बाजूला केली तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. नुसता बघत होता.

२८ डिसेंबर

फोड सुकतोय. रोज बदलीच्या सिस्टरांचा डोळा चुकवून ड्रेसिंग करते. बायजाबाई पडद्यापाशी उभी राहते, कुणी आलं तर खोकते. आम्ही दोघी चोर झालो आहोत. तिच्याएवढी माझ्याशी कुणीच चांगली वागत नाही.

आज विचारलं, चार वर्षं एकटीनं कशी काढलीत? म्हणाली, “मानूस नसला की दारावर कुनीबी थाप मारतंय. दारात एक चप्पल लागती माय गड्याची. चप्पल कुनाची, त्ये कोन इचारतंय?”

६ जानेवारी १९९६

पहिला शब्द. मी एकटीच होते. ओठ सुकलेले, जीभ जड. म्हणाला, “निळू.”

परत परत तेच. निळू, निळू. माझ्या हाताकडे, टेबलाकडे, दाराकडे बघायचा आणि म्हणायचा. बायजाबाई आली तशी धावत जाऊन सांगितलं. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

“आमचा निळू! आमचं लेकरू! तीन वर्साचं व्हतं, खाणीच्या पान्यात गेलं.”

सगळा वॉर्ड हळहळला. त्याच्याजवळ बसून ती निळूबद्दल सांगत राहिली, निळू कसा रांगायचा, निळूला गूळ कसा आवडायचा. तो ऐकत होता आणि तेच म्हणत होता, दर वेळी जास्त जोरात. शेवटी रडायला लागला. दोघं मिळून रडली.

मला वाटतं, बाप शुद्धीवर येताना आधी लेकराला हाक मारतो.

१५ जानेवारी

रोज थोडं बोलतो. बायजाबाई शिकवते. “तुमचं नाव?” “मा-रो-ती.” “गाव?” “परतूर.” बरोबर म्हटलं की ती चमच्यानं पाणी पाजते, चुकलं की थांबते. सोनम म्हणाली, शाळेसारखं चाललंय. डोक्याला मार लागला की असंच पहिल्यापासून शिकवावं लागतं, पुस्तकातही आहे.

निळू आता म्हणत नाही.

२९ जानेवारी

हवालदार जुना कागद घेऊन आले. अच्चम्मा सिस्टरही परत आल्यात. सगळे चौदा नंबरभोवती. हवालदारांनी वाचलं, “उंची पाच फूट सहा इंच. रंग सावळा. मिशी बारीक. डाव्या पोटरीवर डांबरानं भाजल्याचा गोल डाग.”

त्यांनी चादर वर केली. डाव्या पोटरीवर गोल डाग.

“जुळलं,” ते म्हणाले.

तो माझा डाग होता. माझ्या चुकीचा. आणि चार वर्षांपूर्वीच्या कागदात तो आधीच लिहिलेला होता, तीच पोटरी, तोच गोल. हे शरीर आतून हळूहळू मारोतीचं होत चाललंय, आणि माझ्या हातून तेवढं राहिलेलं काम कुणीतरी करून घेतलं, असं काहीतरी वाटलं.

अच्चम्मा सिस्टर डागाकडे वाकून बघत होत्या. कडा अजून गुलाबी आहेत. “सुनयना, ये मार्क पहले से था?”

बायजाबाई माझ्याकडे बघत होती. तोसुद्धा.

“हो, सिस्टर.”

“केस बुक में है?”

“हो.”

त्यांनी बुक मागितलं नाही. संध्याकाळी मी चित्रावर डाव्या पोटरीला गोल काढला. शाई थोडी वेगळी दिसते.

३१ जानेवारी

डिस्चार्ज. बायजाबाईच्या खांद्यावर हात ठेवून तो चालत गेला. पायांत नवीन चपला. दारापाशी त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मी हात केला.

१२ फेब्रुवारी

आता बायकांच्या मेडिकल वॉर्डात आहे.

तीन नंबरला मलेरियाची एक मुलगी आहे. तिची सासू लक्ष्मम्मा, सीवूडच्या बिल्डिंगच्या कामावर सिमेंट कालवते. ही माणसं आंध्रातल्या पालमूरची. दुपारी मुलगी तापात बडबडायला लागली.

“नीळ्ळु. नीळ्ळु.”

मी ट्रे टेबलावर ठेवला. “मावशी, निळू कोण?”

लक्ष्मम्मा माझ्याकडे बघतच राहिली. “कौन नहीं बेटी. पानी मांगती है. हमारे में नीळ्ळु बोले तो पानी.” तिनं सुनेला तांब्यातून पाणी पाजलं. तांब्या धरलेल्या तिच्या बोटांच्या टोकांना बारीक बारीक भोकं होती. मी विचारलं. म्हणाली, सिमेंट खाता है.

तो पाणी मागत होता. त्याचे ओठ फाटले होते, माझ्या हाताकडे बघत तो पाणी मागत होता आणि आम्ही त्याला मेलेलं पोर दिलं.

१३ फेब्रुवारी

रात्रभर मनात एकच गोष्ट मांडत होते. पिशवी तळपायाशी होती. मी ती दहा मिनिटांत काढली, तेव्हा पाय ठीक होते. झाकण सुपारीएवढं असतं. फोड वाटीच्या बुडाएवढा होता.

आणि वाटी कुणाकडे होती, हे मीच या वहीत लिहून ठेवलंय.

१४ फेब्रुवारी

अच्चम्मा सिस्टरांना सगळं सांगितलं. पिशवी, फोड, वाटी, नीळ्ळु, खोटं बोलले ते, केस बुकातला गोल. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, “कितने दिन?”

“आठ आठवडे, सिस्टर.”

“एक दिन में बोलती, तो एक आदमी का पता मिलता.”

मेट्रनपुढे उभं केलं. कॅप तीन महिने काढून घेतली. सर्जिकलची पोस्टिंग पुन्हा करायची. आबांना बोलावून सांगितलं. जाताना आबा फक्त म्हणाले, “सांगितलंस, ते बरं केलंस.”

३ मार्च, रविवार

अच्चम्मा सिस्टरांनी हवालदारांच्या मागे लागून लागून आजचा दिवस मिळवला. सुट्टीचा दिवस असून त्या आल्या, लक्ष्मम्मालाही बोलायला म्हणून आणलं. तुर्भ्याला उतरून आम्ही चौघं डोंगराकडे चढलो. सगळीकडे पांढरी धूळ. झाडांची पानंसुद्धा पांढरी.

बायजाबाईची खोली पत्र्याची, सारवलेली, एकदम नीटनेटकी. दारात गड्याच्या चपला. तो खाटेवर बसला होता, अंगानं भरलाय. भिंतीवर खिळ्याला लहान मुलाचा सदरा टांगलेला. कोरा, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

मी सदऱ्याकडे बघते आहे हे तिनं बघितलं. “निळूचा हाय,” म्हणाली.

हवालदारांनी विचारलं, “नाव काय तुझं?”

“मारोती.”

“गाव?”

“परतूर.”

“ही कोण?”

“बायकू हाय माजी.” अगदी तिच्याच सुरात.

लक्ष्मम्मानं तेलुगूत काहीतरी विचारलं. तो तिच्याकडे कोऱ्या नजरेनं बघत राहिला. “काय म्हंती ही? मला कळंना.”

बायजाबाईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तर ती आधीपेक्षा तरुण वाटली. “पावनं आलेत, चहा ठिवते,” म्हणून ती मागच्या बाजूला चुलीकडे गेली. हवालदार सिस्टरांना बाहेर घेऊन गेले. “मॅडम, तो म्हणतो मी मारोती, ती म्हणते माझा नवरा, रेशनकार्डावर दोघांची नावं. मी कुणाला कुणापासून सोडवू?” सिस्टर भांडत होत्या. मी दारात उभी होते. आत लक्ष्मम्मा त्याच्याजवळ वाकली होती. त्याचे ओठ हलताना मी बघितले, पण आवाज आला नाही.

चहा पिऊन आम्ही उतरलो. हवालदार चौकीकडे गेले. बसस्टॉपवर लक्ष्मम्मा एकदम थांबली.

“बेटी, वो सब समझता है. सब याद है उसको. कान में बोला मेरे.”

“काय बोलला?”

“बोला, मेरे गांव में खबर मत करना. वो लोग ढूंढते हैं मेरे को.” तिनं मागे डोंगराकडे बघितलं. “बोला, घर में औरत थी, दो बच्चे थे. जो हुआ वो मैंने किया. अभी कोई नहीं है.”

बस आली. कुणी चढलं नाही. बस गेली.

अच्चम्मा सिस्टर म्हणाल्या, आधी चौकी. मी म्हटलं, आधी बायजाबाई. या वेळी मला एक दिवससुद्धा थांबायचं नव्हतं. लक्ष्मम्माला घेऊन सिस्टर चौकीकडे गेल्या आणि मी परत डोंगर चढले. पळतच.

तो दारासमोर ऊन घेत बसला होता, गालाला साबण फासलेला. बायजाबाई वस्तऱ्याला धार लावत होती. मी तिला हाताला धरून खोलीमागे नेलं आणि सगळं सांगितलं. त्याला सगळं आठवतंय. तो तेलुगू आहे. त्यानं घरातल्यांना... मला पुढचं बोलता येईना, तरी बोलले. पोलीस येताहेत, माझ्याबरोबर खाली चला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. चुलीवरचं पाणी बाजूला केलं. मग माझ्या कॅप नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

“त्या मानसानं केलं आसंल, माय,” ती म्हणाली. “माज्या मारोतीनं कामून करावं आसं?”

ती पुढं गेली. मी भिंतीला धरून उभी होते, तिथून दोघं दिसत होती. तिनं त्याच्या हनुवटीखाली बोट लावलं. त्यानं शहाण्या मुलासारखी मान वर केली, डोळे मिटले, आणि तिनं वस्तरा गळ्याला लावून हळूच वर ओढला.